धुके निसर्गाचे, तिकीट आपले



तीन वर्षांपूर्वीची, जानेवारी महिन्यातील गोष्ट. रात्री साडेनऊच्या सुमारास गुवाहाटीहून भाच्याचा फोन आला. "मामा, बाबांची प्रकृती बरी नाही. डॉक्टर काही स्पष्ट बोलत नाहीत. जमलं तर उद्याच या." माझी थोरली बहीण, जिला आम्ही सर्व भावंडे अक्का म्हणतो, लग्न होऊन गुवाहाटीस गेली त्याला चाळीसहून अधिक वर्षे लोटली. दाजींनी तेथे दुकान उभे केले, संसार केला. परंतु माहेरच्या माणसांना भेटल्यावर ते जसे खुलत, तसे इतरत्र क्वचितच खुलत असतील.

मी त्याच रात्री मोबाइलवर तिकिटे पाहू लागलो. धर्माबादहून मोटारीने हैदराबाद, तेथून पहाटेच्या विमानाने कोलकाता आणि पुढे गुवाहाटी असा मार्ग ठरला. एकाच कंपनीचे थेट गुवाहाटीपर्यंतचे तिकीट मिळत होते. परंतु हैदराबाद ते कोलकाता एका कंपनीचे आणि कोलकाता ते गुवाहाटी दुसऱ्या कंपनीचे, अशी दोन वेगवेगळी तिकिटे काढली तर आम्हा उभयतांचे मिळून २,१०० रुपये वाचत होते. आयुष्यभर बँकेत पै-पैचा ताळा जुळवलेल्या माणसाच्या बोटांना सवय लागलेली असते. मी दोन तिकिटे काढली. मध्ये अडीच तासांचे अंतर होते. ते मला पुरेसे वाटले.

पहाटे शमशाबादच्या विमानतळावर पोहोचलो तेव्हा आकाश स्वच्छ होते, तरीही विमान सुटेना. कोलकात्यास दाट धुके होते. तीन तासांनी विमान निघाले आणि आम्ही उतरलो तोवर गुवाहाटीचे विमान गेलेले होते. पहिल्या कंपनीच्या खिडकीवर मला सांगण्यात आले, "आम्ही आपल्याला कोलकात्यापर्यंत आणले, आमचे काम पूर्ण झाले." दुसऱ्या कंपनीने सांगितले, "आपण वेळेत आला नाहीत, आपले तिकीट बाद झाले." नियमाने दोघेही बरोबर होते. त्याच रांगेत माझ्यापुढे एक गृहस्थ उभे होते. तेही माझ्याच विमानातून आले होते, त्यांनाही गुवाहाटीसच जायचे होते आणि त्यांचेही पुढचे विमान चुकले होते. परंतु त्यांचे तिकीट एकच होते. कंपनीने त्यांना कोणतेही जादा पैसे न घेता दुपारच्या विमानात बसवले. त्यानंतर त्या विमानात जागा उरली नाही. आम्हास दुसऱ्या दिवशी सकाळचे तिकीट मिळाले, तेही दुप्पट दराने.

दाजी त्या रात्री तीन वाजता गेले. आम्ही सकाळी पोहोचलो तेव्हा अक्का म्हणाली, "संध्याकाळी दोनदा विचारलं त्यांनी, धर्माबादचे आले का म्हणून."

धुक्यावर माझा राग नाही. परंतु एकाच धुक्यात अडकलेल्या दोन प्रवाशांपैकी एक त्याच दुपारी पोहोचला आणि दुसरा पोहोचला नाही, हा फरक धुक्याने केलेला नव्हता. तो आदल्या रात्री माझ्या बोटाने केलेला होता. त्यानंतर मी या विषयाचे नियम, निवाडे आणि परिपत्रके बँकेतील जुन्या शिस्तीने वाचून काढली. आपल्या व्यापारी कुटुंबांत आता विमानप्रवास ही नवलाईची बाब उरलेली नाही. कोणी खरेदीसाठी सुरतेस जातो, कोणी हिवाळ्यात सम्मेदशिखरजीच्या यात्रेस, तर कोणी परदेशी नातवंडांकडे. त्या सर्वांच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

हवामानाची माफी कशापुरती?

बँकेत आयात-निर्यातीच्या व्यवहारांत साखपत्रे हाताळताना 'फोर्स मेजर' हा शब्द आमच्या वाचनात येई. दंगल, युद्ध, दैवी आपत्ती यांमुळे बँकेचे काम बंद पडले आणि त्या काळात साखपत्राची मुदत संपली, तर बँक नंतर ती रक्कम देण्यास बांधील राहत नाही. १ जुलै २००७ पासून लागू असलेल्या 'यूसीपी ६००' या आंतरराष्ट्रीय नियमावलीचे ३६वे कलम तेच सांगते. परंतु ज्या साखपत्राची मुदत शिल्लक आहे, त्याची देणी या कलमाच्या आडोशाने बुडवता येत नाहीत. माफी असते, पण ती मोजून दिलेली असते. विमानप्रवासातही नेमके हेच आहे.

आपल्या देशात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, ६ ऑगस्ट २०१० रोजी प्रवाशांच्या सोयींविषयी एक नियमावली जारी केली व पुढे तीत वेळोवेळी सुधारणा केल्या. जागा नाकारणे, उड्डाण रद्द होणे आणि विलंब होणे या तिन्ही प्रसंगी कंपनीने काय द्यावे, हे तीत नमूद आहे. ती समजून घेताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात: भरपाई, सोय आणि परतावा. बहुतेक प्रवासी या तिन्हींची गल्लत करतात आणि खिडकीवरचा कर्मचारी "हवामानामुळे काही मिळत नाही" असे म्हणाला की तिन्ही सोडून देतात.

पहिली गोष्ट भरपाई. कंपनीने वेळेत न कळवता उड्डाण रद्द केले, अथवा तिच्या दोषामुळे एकाच तिकिटावरील पुढचे विमान चुकले, तर प्रवासाच्या कालावधीनुसार ५,००० रुपये, ७,५०० रुपये किंवा १०,००० रुपये, अथवा एकेरी मूळ भाडे अधिक इंधन शुल्क, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती देय होते. एक तासापर्यंतच्या उड्डाणास पहिली मर्यादा, दोन तासांपर्यंत दुसरी आणि त्याहून मोठ्या उड्डाणास तिसरी. मात्र हवामान, हवाई वाहतूक नियंत्रण, सुरक्षेचा धोका, पूर, दंगल, संप अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांनी हे घडले असेल तर ही भरपाई द्यावी लागत नाही. तिकीट काढताना आपण संपर्काचा पुरेसा तपशील दिला नसेल तरीही ती मिळत नाही. एजंटाने आपल्या सोयीसाठी स्वतःचाच मोबाइल क्रमांक टाकला, तर सूचना त्यालाच जाते आणि हक्क आपला जातो.

दुसरी गोष्ट सोय, म्हणजे थांबून राहावे लागलेल्या माणसाची काळजी. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणास दोन तास वा अधिक विलंब झाला, तर प्रतीक्षेच्या प्रमाणात अल्पोपाहार व जेवण देण्याची तरतूद आहे. लांबच्या उड्डाणांना ही मर्यादा तीन आणि चार तासांची आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये, धुक्याचा हंगाम तोंडावर असताना, डीजीसीएने कंपन्यांना आणखी स्पष्ट शब्दांत सांगितले: दोन तासांपर्यंत विलंब असेल तर पिण्याचे पाणी, दोन ते चार तास असेल तर चहा-कॉफी व फराळ, आणि चार तासांहून अधिक असेल तर जेवण. हॉटेलातील मुक्कामाची तरतूद चोवीस तासांहून अधिक विलंबास, किंवा रात्री आठ ते पहाटे तीन या वेळेतील उड्डाणास सहा तासांहून अधिक विलंब झाल्यास आहे. हवामानाचे कारण असताना हॉटेल हक्काने मिळेलच असे धरून चालू नये, कारण असाधारण परिस्थितीची सवलत कंपनी पुढे करते. तरीही मागणी अवश्य करावी. मागणाऱ्यास पुष्कळदा मिळते.

तिसरी गोष्ट परतावा. उड्डाण रद्द झाले तर, कारण धुके असो वा अन्य काही, पर्यायी विमान अथवा पूर्ण पैसे परत यांची निवड प्रवाशाने करावयाची असते. देशांतर्गत उड्डाणास सहा तासांहून अधिक विलंब होणार असेल तेव्हाही हाच पर्याय नियमावलीत आहे. पैसे परत देण्याऐवजी कंपनीने ते स्वतःच्या खात्यात 'क्रेडिट' म्हणून ठेवायचे की नाही, हेही प्रवाशानेच ठरवायचे असते. कंपनीस ते लादता येत नाही. तिकीट एजंटाकडून काढलेले असले तरी परताव्याची जबाबदारी कंपनीचीच राहते.

आणखी एक बारीक बाब येथेच सांगून ठेवतो. आपण विमानास पोहोचलोच नाही आणि तिकीट बाद झाले, तरी त्यातील शासकीय कर व विमानतळाचे शुल्क परत मिळते, कारण ती रक्कम कंपनीची नव्हेच. माझ्या वाया गेलेल्या दोन तिकिटांवरील ही रक्कम मी लेखी मागितली आणि ती खात्यात जमा झाली. रक्कम मोठी नव्हती, परंतु मागितली नसती तर तीही आली नसती.

न्यायालय काय म्हणते

या विषयावरील एक महत्त्वाचा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने ४ जुलै २०११ रोजी दिला. १४ डिसेंबर २००७ रोजी दिल्लीहून हैदराबादला निघालेला एक प्रवासी धुक्यामुळे सुमारे अकरा तास अडकून पडला, आणि त्यातील बराच काळ त्याला विमानातच बसून राहावे लागले. हैदराबादच्या स्थायी लोक अदालतीने त्यास १०,००० रुपये भरपाई देववली व उच्च न्यायालयानेही ती कायम केली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र इंडिगो कंपनीचे अपील मान्य करून ती रद्द केली. धुके आणि हवाई नियंत्रण कक्षाची परवानगी न मिळणे या गोष्टी कंपनीच्या हातातील नव्हेत; केवळ विलंब झाला म्हणून सेवेत त्रुटी ठरत नाही, असे न्यायालय म्हणाले.

पुष्कळांनी या निवाड्याचा एवढाच अर्धा भाग लक्षात ठेवला. उरलेला अर्धा असा की, प्रवासी विमानात बसलेले असताना दीर्घकाळ थांबावे लागले, तर त्यांना खाणे, पाणी आणि स्वच्छतागृहाची सोय द्यावीच लागेल, आणि "आमची कंपनी स्वस्त दराची आहे" ही सबब त्यासाठी चालणार नाही. आता यात आणखी एक भर पडली आहे. २०२४ मध्ये नागरी विमान सुरक्षा ब्युरोने मार्गदर्शक सूचना काढून, विमानात बसलेल्या प्रवाशांना दीर्घ विलंबाच्या प्रसंगी पुन्हा खाली उतरवून टर्मिनलमध्ये आणण्याची वाट मोकळी केली.

त्या सूचनांमागे आपल्या महाराष्ट्रातच घडलेला एक प्रसंग होता. १४ जानेवारी २०२४ रोजी गोव्याहून दिल्लीस निघालेले इंडिगोचे विमान आधीच अनेक तास उशिराने सुटले, आणि दिल्लीतील धुक्यामुळे रात्री मुंबईस उतरवण्यात आले. थकलेले, चिडलेले प्रवासी विमानाच्या शेजारी धावपट्टीलगतच्या फरशीवरच बसले आणि तेथेच जेवले. ते चित्र देशभर पाहिले गेले. सुरक्षा ब्युरोने कंपनीस १ कोटी २० लाख रुपयांचा दंड केला. मुंबई विमानतळाच्या चालकांस ब्युरोने ६० लाख आणि डीजीसीएने ३० लाख रुपयांचा दंड केला. दंड धुक्याबद्दल नव्हता. धुक्यात अडकलेल्या माणसांना कसे वागवले, याबद्दल होता.

त्याच आठवड्यातील दुसरी कारवाई मला अधिक बोलकी वाटते. धुक्यात विमान उतरवण्यासाठी धावपट्टीवरील यंत्रणा, विमानातील यंत्रणा आणि वैमानिकाचे विशेष प्रशिक्षण या तिन्हींची आवश्यकता असते. साध्या पद्धतीने उतरण्यास धावपट्टीवर सुमारे ५५० मीटरपर्यंतचे दिसावे लागते. 'कॅट तीन' या प्रगत पद्धतीत ५० मीटर दिसले तरी विमान उतरू शकते. दिल्लीत ही यंत्रणा आहे. असे असूनही डिसेंबर २०२३ च्या अखेरीस तेथून अनेक विमाने अन्यत्र वळवावी लागली. धुक्याच्या दिवसांत प्रशिक्षित वैमानिकांची नेमणूक न केल्याबद्दल डीजीसीएने एअर इंडिया आणि स्पाइसजेट या दोन कंपन्यांस प्रत्येकी ३० लाख रुपयांचा दंड ठोठावला.

म्हणजे "हवामान" या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी झाकल्या जाऊ शकतात. एक खरोखरचे धुके, आणि दुसरी धुक्याच्या नावाखाली दडलेली गैरव्यवस्था. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली तेव्हा वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांसाठी वेळेत नियोजन न होणे हे मुख्य कारण होते. अशा वेळी हवामानाची माफी लागू होत नाही. यासाठी विलंब कळताच पहिला प्रश्न विचारावा: "कारण काय, आणि हवामान असेल तर ते कोठले?" एकच विमान दिवसभरात अनेक शहरांत फिरत असते, त्यामुळे हैदराबादचे आकाश निरभ्र असताना कोलकात्याचे धुके हे खरे कारण असू शकते. परंतु त्याच मार्गावरील इतर कंपन्यांची विमाने सुरळीत जात असतील तर कारण लेखी मागावे. ते ई-मेलने मिळाले तर उत्तम. मोबाइलवर आलेला संदेश जपून ठेवणे हे तर आपल्याच हाती आहे.

एक तिकीट की दोन?

आता माझ्या चुकीच्या मुळाशी येतो. नियमावलीत पुढचे विमान चुकण्यासंबंधी जी तरतूद आहे, ती "एकाच तिकीट क्रमांकावर" घेतलेल्या प्रवासापुरती आहे. एकाच पीएनआरवर संपूर्ण प्रवास असेल तर कंपनीने आपल्याला अंतिम ठिकाणी पोहोचवण्याचा करार केलेला असतो. मध्ये धुके पडले, तरी पुढच्या विमानात बसवणे हे तिचे काम राहते. दोन वेगळी तिकिटे म्हणजे दोन वेगळे करार. पहिला करार मधल्या विमानतळावर संपतो आणि दुसरा आपण वेळेत हजर राहू या अटीवर सुरू होतो. दोन करारांच्या मधली फट ही सर्वस्वी प्रवाशाची जोखीम असते.

व्यापारी माणसास हे समजावून सांगण्याची गरज नसावी. आपण आडतीवर मिरची पाठवतो तेव्हा माल कोठपर्यंत कोणाच्या जबाबदारीवर आहे, हे आधी ठरवतो. मालाच्या बाबतीत जी दक्षता घेतो, ती स्वतःच्या बाबतीत घेत नाही, एवढेच. दोन तिकिटांतील बचत ही प्रत्यक्षात विम्याचा हप्ता न भरता वाचवलेली रक्कम असते.

दोन तिकिटे काढणे अपरिहार्यच असेल, तर डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडे व पूर्वेकडे जाताना मध्ये किमान पाच-सहा तास ठेवावेत, किंवा मधल्या शहरात एक रात्र मुक्काम करावा. सकाळची पहिली विमाने धुक्यात सर्वाधिक अडकतात, कारण थंडीच्या रात्री निरभ्र आकाशाखाली जमीन निवते, वारा पडलेला असतो आणि सूर्य वर येईपर्यंत धुके विरत नाही. तातडी नसेल तेव्हा दुपारचे विमान घ्यावे. प्रवास विमा काढल्यास 'पुढचे विमान चुकणे' ही जोखीम त्यात आहे का आणि किती तासांच्या विलंबानंतर ती लागू होते, हे आधी वाचावे.

आपला प्रवास घरापासून सुरू होतो

धर्माबादकरांची अडचण मुंबई-पुणेकरांपेक्षा निराळी आहे. नांदेडच्या श्री गुरू गोविंदसिंगजी विमानतळावरून विमाने सुरू झाली असली तरी ती मोजक्याच शहरांना जातात. बहुतेकांना दोनशे किलोमीटरहून अधिक अंतर कापून हैदराबाद गाठावे लागते. म्हणजे आपले पहिले 'कनेक्टिंग' बासर, निजामाबाद, कामारेड्डीच्या रुळांवरच असते.

२७ ऑगस्ट २०२५ रोजी, ऐन गणेश चतुर्थीस, कामारेड्डी परिसरात अतिवृष्टी झाली. भिकनूर आणि तलमडला या स्थानकांदरम्यान रुळांवर पाणी आले, रुळांखालची भर वाहून गेली आणि निजामाबाद-हैदराबाद मार्गावरील गाड्या रद्द कराव्या लागल्या. महामार्गाचीही तीच गत झाली. त्या दिवशी हैदराबादचे विमान वेळेवर सुटले असले, तरी धर्माबादचा प्रवासी तेथपर्यंत पोहोचू शकला नसता, आणि विमानकंपनीच्या दृष्टीने तो केवळ 'न आलेला प्रवासी' ठरला असता. विमानकंपनीचा आपल्याशी करार विमानतळाच्या दारापासून सुरू होतो, हे पक्के लक्षात ठेवावे.

मग रेल्वेची जबाबदारी काहीच नाही का? आहे. गाडी आपल्या स्थानकावर तीन तासांहून अधिक उशिरा येणार असेल आणि आपण प्रवास केला नाही, तर गाडी प्रत्यक्ष सुटण्यापूर्वी टीडीआर भरून पूर्ण पैसे परत मिळतात. एका गाडीमुळे दुसरी गाडी चुकली, तर १ एप्रिल २०१९ पासून दोन्ही पीएनआर जोडून घेण्याची सोय आहे. तशी जोडणी केलेली असल्यास न केलेल्या प्रवासाचे पैसे रद्द-शुल्क न कापता परत मिळतात. त्यासाठी पहिली गाडी पोहोचल्यापासून तीन तासांच्या आत अर्ज करावा लागतो.

गाडीमुळे विमान चुकल्याचे प्रकरणही सर्वोच्च न्यायालयात गेलेले आहे. जून २०१६ मध्ये अजमेर-जम्मू एक्सप्रेस सुमारे चार तास उशिरा पोहोचली. त्यामुळे एका कुटुंबाचे जम्मूहून श्रीनगरला जाणारे विमान चुकले, टॅक्सीने जावे लागले आणि तेथील निवासाचे आरक्षणही वाया गेले. ग्राहक मंचाने टॅक्सीचे १५,००० व निवासाचे १०,००० रुपये, शिवाय मनस्ताप आणि खर्चापोटी रक्कम देववली. ६ सप्टेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा आदेश कायम ठेवला. विलंब आपल्या नियंत्रणाबाहेरच्या कारणाने झाला हे रेल्वेने सिद्ध करावे. ते सिद्ध केले नाही तर भरपाई द्यावी, असे सूत्र त्यात आहे. कामारेड्डीसारख्या पुरात रेल्वे हे सहज सिद्ध करील. परंतु कोरड्या दिवशी रखडलेल्या गाडीबाबत तिला उत्तर द्यावेच लागेल.

परदेशी जाताना

आंतरराष्ट्रीय प्रवासास माँट्रियल करार लागू होतो. भारत २००९ मध्ये त्यात सामील झाला. विलंबामुळे झालेल्या नुकसानीस कंपनी जबाबदार असते. मात्र नुकसान टाळण्यासाठी शक्य ते सर्व उपाय आपण केले होते, किंवा ते करणे अशक्य होते, हे तिने दाखवले तर ती सुटते. सिद्ध करण्याचा भार कंपनीवर आहे, हे येथे महत्त्वाचे. सामान खराब झाल्यास सात दिवसांत, आणि उशिरा मिळाल्यास ते हाती आल्यापासून एकवीस दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. दाव्याची मुदत दोन वर्षांची असते.

युरोपीय संघाचा नियम याहून उदार आहे. हवामानामुळे उड्डाण रद्द झाले तर तेथेही रोख भरपाई मिळत नाही, परंतु जेवण आणि मुक्काम द्यावाच लागतो. २०१० मध्ये आइसलँडमधील ज्वालामुखीच्या राखेमुळे युरोपचे आकाश बंद पडले. तेव्हा अडकलेल्या एका आयरिश प्रवाशाच्या सुमारे १,१३० युरो खर्चाच्या दाव्यात युरोपीय न्यायालयाने २०१३ मध्ये निर्णय दिला की, आपत्ती कितीही असाधारण असली तरी प्रवाशाची काळजी घेण्याच्या कर्तव्यास तीमुळे सूट मिळत नाही. युरोपातून निघणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानास हा नियम लागू आहे, म्हणून तेथून परतताना खर्चाच्या पावत्या जपाव्यात.

१६ एप्रिल २०२४ रोजी दुबईत विक्रमी पाऊस झाला आणि तेथील विमानतळ जलमय झाला. तेथून विमान बदलून जाणारे हजारो प्रवासी अडकले. औषधे मोठ्या सामानात गेलेल्या वृद्धांचे हाल सर्वाधिक झाले असतील, हे सांगावयास नको. म्हणून दोन-तीन दिवसांची औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी नेहमी हातातील पिशवीतच असावी.

ताटातील प्रश्न

आपल्या घरांत एक अडचण विशेष येते. जैन जेवण आगाऊ नोंदवलेले असले, तरी ते त्याच विमानापुरते असते. पर्यायी विमानात ते पुन्हा नोंदवावे लागते. विलंबात वाटले जाणारे सँडविच बहुधा कांदा-बटाट्याचे असते. शिवाय चौविहार पाळणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की, पूर्वेकडे सूर्य लवकर मावळतो. जानेवारीत कोलकात्यास सव्वापाचच्या सुमारासच सूर्यास्त होतो, आपल्याकडे तेव्हा चांगले ऊन असते. आम्ही अडकलो त्या दिवशी जेवणाचा विचार सुचेपर्यंत वेळ टळून गेली होती. सौ.ने निघताना घाईत बांधून घेतलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दुपारीच कामी आली होती, म्हणून निभावले. कोरडा शिधा हातातील सामानात नेता येतो. तो नेण्यात संकोच नसावा.

दाद कोठे मागावी?

प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. समाधान न झाल्यास नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या 'एअरसेवा' या संकेतस्थळावर वा अॅपवर नोंद करावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्यानंतरचा मार्ग ग्राहक आयोगाचा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. म्हणजे धर्माबादच्या रहिवाशाने दिल्ली-गुरुग्रामला जाण्याचे कारण नाही, नांदेडचा जिल्हा आयोग पुरेसा आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे आणि तक्रार 'ई-जागृती' या संकेतस्थळावरून घरबसल्या दाखल करता येते.

व्यापाऱ्यांसाठी एक सावधगिरी. व्यावसायिक हेतूने घेतलेली सेवा 'ग्राहक' या व्याख्येत बसत नाही. तिकीट पेढीच्या नावाने, पेढीच्या जीएसटी क्रमांकावर आणि निव्वळ खरेदीच्या दौऱ्यासाठी काढलेले असेल, तर कंपनी हा आक्षेप घेऊ शकते. यात्रा, लग्नकार्य, आजारपण अशा घरगुती प्रवासाची तिकिटे पेढीच्या खात्यातून काढू नयेत. थोड्या कर-सवलतीसाठी दाद मागण्याचा मार्ग अरुंद होतो.

तक्रारीस जोडण्यासाठी बोर्डिंग पास, विलंबाचे संदेश, फलकाचे वेळेसह छायाचित्र आणि प्रत्येक खर्चाची पावती ठेवावी. रागाच्या भरात खिडकीवरच्या तरुण कर्मचाऱ्यावर आवाज चढवल्याने काही साधत नाही. धुके त्याने पाडलेले नसते आणि नियमही त्याने केलेले नसतात. शांतपणे नाव विचारावे, मागणी लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. बँकेच्या खिडकीच्या आतून मी अनेक वर्षे पाहिले आहे: ज्याच्या हातात कागद असतो, त्याचे काम आधी होते.

गेल्या महिन्यात अक्काच्या नातवाच्या लग्नाला आम्ही पुन्हा गुवाहाटीस गेलो. या वेळी एकच तिकीट काढले, दुपारचे विमान घेतले आणि एक दिवस आधीच पोहोचलो. तिकीट काही महाग पडले. दारात अक्का उभी होती. आमच्या पिशव्या हातात घेत ती म्हणाली, "या वेळी वेळेवर आलात." ती सहज बोलली. मी मात्र दाजींच्या तसबिरीकडे पाहत काही वेळ तसाच उभा राहिलो.